मिरीचे घर, कथलाचे घर : बांगका बेटावरील एक गाव

त्या गावातील घरांचे वय आतोक, माझ्या यजमान घरातले आजोबा, वर्षांत सांगत नाहीत. सकाळच्या उन्हात रस्त्याच्या कडेला उभे राहून त्यांनी मला एकेक घर दाखवले, तेव्हा त्यांचा हिशेब असा होता : हे बैठे घर अठ्ठ्याण्णव सालच्या मिरीचे, ते दुमजली कथलाचे, त्याच्या पलीकडचे हिरव्या फरशांचे पुन्हा मिरीचे, आणि ज्याच्या चार भिंती उभ्या आहेत पण वर छप्पर नाही ते कथलाचा भाव पडला त्या वर्षीचे. मासळीच्या पैशावर बांधलेले घर कोणते, असे मी विचारले. त्यावर त्यांनी किनाऱ्याकडील, खांबांवर उभ्या असलेल्या लाकडी घरांच्या ओळीकडे हात केला आणि म्हणाले, "मासळीने घर बांधले जात नाही, मासळीने घर चालते."

हे गाव इंडोनेशियाच्या बांगका बेटावर, पूर्व किनाऱ्याला आहे. सुमात्राच्या आग्नेय काठापासून एका सामुद्रधुनीने तुटलेले हे बेट पूर्वी दक्षिण सुमात्रा प्रांतात होते; २००० साली शेजारच्या बेलितुंग बेटासह त्याचा स्वतंत्र प्रांत झाला. गावाचे नाव मी लिहिणार नाही. तिथल्या पुष्कळ कुटुंबांचे पोट परवान्याशिवाय चालणाऱ्या खाणकामावर आहे, आणि ज्यांच्या घरी मी पाच दिवस जेवले आणि झोपले, त्यांच्याकडे माझ्या लिहिण्यामुळे कोणी बोट दाखवावे, असे मला वाटत नाही. म्हणून या लेखात माणसेही नात्याच्या नावांनीच येतील. आतोक म्हणजे आजोबा, माक म्हणजे आई, बापाक म्हणजे वडील आणि आबांग म्हणजे थोरला भाऊ. ही सगळी नाती जाकार्तात मला इंडोनेशियन भाषा शिकवणाऱ्या मुलीची. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मौलिदसाठी, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिनासाठी, ती गावी निघाली तेव्हा तिने मलाही सोबत येण्याचा आग्रह केला.

जाकार्ताहून बांगकावरील पांकालपिनांग शहराला विमानाने साधारण तासभर लागतो. उतरण्याआधी विमान बेटावरून वळले तेव्हा खाली हिरव्या रानात पांढऱ्या वाळूचे मोठमोठे चट्टे दिसू लागले, आणि त्या चट्ट्यांमध्ये पाण्याची असंख्य डबकी. कोणते निळेशार, कोणते पाचूसारखे हिरवे, कोणते कोऱ्या चहाच्या रंगाचे. किती सुंदर, असे माझ्या तोंडून निघून गेले. ती काही वेळ गप्प राहिली आणि मग तिने मला त्या सहलीतला पहिला शब्द शिकवला : कोलोंग. कथील काढून झाल्यावर जो खड्डा तसाच सोडून दिला जातो आणि पावसाच्या पाण्याने भरतो, तो कोलोंग. नव्या कोलोंगचे पाणी आंबट असते आणि त्यात मासा टिकत नाही. काही दशके गेली की काठावर गवत येते, पाणी निवळते, लोक कपडे धुवायला आणि आंघोळीला येऊ लागतात. निळा रंग दिसला की खड्डा अजून कोवळा आहे असे समजायचे, असे ती म्हणाली. त्यानंतर मला तो रंग पूर्वीच्या डोळ्यांनी पाहता आला नाही.

कथील हा आपल्याला परका धातू नाही. पितळेच्या भांड्यांना आतून जी कल्हई करतात ती कथलाची, आणि आयुर्वेदातील वंगभस्म म्हणजे कथलाचेच भस्म. 'बांगका' हे नाव या 'वंग' शब्दावरूनच पडले असावे, असे एक मत आहे. 'कल्हई' ज्या अरबी शब्दावरून आली, तो शब्द मलय द्वीपकल्पातील कलाह नावाच्या जुन्या बंदरावरून आला असे अभ्यासक मानतात. आजही जगातील कथलाचा मोठा भाग डाख देण्यासाठी, म्हणजे फोन, संगणक आणि दूरचित्रवाणी संच यांच्या आतील जोडण्यांसाठी वापरला जातो, आणि शुद्ध कथलाची निर्यात करणाऱ्या देशांत इंडोनेशिया सर्वांत पुढे आहे. त्या देशाचे बहुतेक कथील बांगका, बेलितुंग आणि भोवतालच्या समुद्रातून येते.

समुद्रातून का, हे समजून घेतल्याशिवाय हे गाव समजत नाही. म्यानमारपासून थायलंड आणि मलेशियामार्गे या बेटांपर्यंत ग्रॅनाइटचा एक लांब पट्टा पसरला आहे. बांगकाच्या किनाऱ्यावर हत्तींचे कळप बसल्यासारखे जे प्रचंड गोल खडक दिसतात, ते त्याच ग्रॅनाइटचे. लाखो वर्षे हा खडक झिजत राहिला आणि त्यातील कथलाचे खनिज ओढ्यानद्यांच्या वाळूत साचत गेले. हे खनिज साध्या वाळूपेक्षा अडीच पटींहून अधिक जड असते, म्हणून पाणी वाळूला वाहून नेते आणि ते मात्र तळाशी बसून राहते. हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती, तेव्हा त्या नद्या आजच्या किनाऱ्याच्या कितीतरी पुढे वाहत होत्या. पुढे पाणी चढले आणि ती पात्रे बुडाली. त्यामुळे बापाकांचे जाळे ज्या तळावरच्या मासळीवर जगते, त्याच तळाखाली आबांगचे कथील आहे.

खाणकाम इथे नवे नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सुमात्रातील पालेंबांगच्या सुलतानांच्या अमलाखाली बेटावर कथील निघू लागले आणि त्या कामासाठी दक्षिण चीनमधून हक्का मजूर आले. १८१२ मध्ये ब्रिटिशांनी बेट ताब्यात घेतले, चार वर्षांनी ते डचांकडे गेले, आणि देश स्वतंत्र झाल्यावर १९५० च्या दशकात खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. या साऱ्या काळात धनी बदलले, पण एक गोष्ट कायम राहिली : कथील सामान्य माणसाचे नव्हते. आतोक सांगतात की त्यांच्या तरुणपणी कोणाच्या घरी कथलाची मूठभर काळी वाळू सापडली तरी त्याला पोलीस घेऊन जात. घराच्या मागे खणले तर जे निघेल ते खिशात ठेवणे हा गुन्हा, हे त्यांनी आयुष्याची पन्नासएक वर्षे पाहिले.

मग १९९९ साली उद्योग आणि व्यापार मंत्रालयाने कथलाला निर्यातीवर कडक निर्बंध असलेल्या मालाच्या यादीतून काढले. राष्ट्राध्यक्ष सुहार्तो पायउतार होऊन एक वर्ष झाले होते, देश आर्थिक संकटात होता, आणि २००१ पासून नव्या स्वायत्तता कायद्याने जिल्ह्यांच्या हाती बरेच अधिकार आले. कच्च्या वाळूची निर्यात २००२ मध्ये बंद झाली, तेव्हा बेटावरच खासगी भट्ट्या उभ्या राहिल्या, आणि त्या भट्ट्यांना वाळू हवी होती. एक पंप, एक डिझेल इंजिन, रबरी नळ्या आणि चार माणसे एवढ्यावर खाण सुरू होऊ लागली. अशा खाणीला लोक 'ते-ई' म्हणतात; 'तांबांग इनकोन्व्हेंशनल' या शब्दांची ती आद्याक्षरे, म्हणजे रूढ नसलेली खाण. पण दहा वर्षांच्या आत बेटावर तिच्याइतके रूढ दुसरे काही राहिले नाही. लोक हावरट झाले असे बाहेरचे लोक लिहितात. मला ते अन्यायाचे वाटते. तीनशे वर्षे जी वस्तू त्यांच्या पायाखालून दुसऱ्यांनी नेली, तिला हात लावायची त्यांना पहिल्यांदा मुभा मिळाली होती.

गाव म्हणाल तर एकच डांबरी रस्ता. एका टोकाला मिरीच्या बागा आणि रबराची झाडे, दुसऱ्या टोकाला समुद्र, मध्ये मशीद, प्राथमिक शाळा, दोन चहा-कॉफीची दुकाने आणि एका हक्का कुटुंबाचे किराणा दुकान. दुकानाच्या मागे लाल रंगाचे छोटे देऊळ आहे. दुकानदार आजींचे पूर्वज खाणीवर मजूर म्हणून आले आणि परत गेले नाहीत. त्या घरात हक्का बोलतात, गिऱ्हाइकांशी बांगकाची मलय बोली बोलतात, आणि त्यांनी मला एक वाक्य दोनदा म्हणून दाखवले : "फान न्गिन, तोंग न्गिन, जित जोंग." मलय माणूस आणि चिनी माणूस, सारखेच. बेटावर हे वाक्य सर्वांच्या तोंडी आहे. १९९८ मध्ये देशातील अनेक शहरांत चिनी वंशाच्या लोकांवर हल्ले झाले होते हे ज्यांना आठवते, त्यांना त्या वाक्याचे मोल कळेल.

आतोकांची बाग गावापासून चालत वीस मिनिटांवर आहे. मिरीला इथे साहांग म्हणतात, आणि बांगकाची पांढरी मिरी जगाच्या बाजारात मुंतोक या नावाने विकली जाते, कारण ती बेटाच्या पश्चिम टोकावरील त्या बंदरातून बाहेर जात असे. २०१० साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. प्रत्येक वेलाला चढण्यासाठी माणसाच्या दुप्पट उंचीचा एक लाकडी खांब असतो. बागेत शिरले की एखाद्या शिस्तीत उभ्या असलेल्या मिरवणुकीमधून चालल्यासारखे वाटते. आतोक वेलाला हात लावताना आधी देठाजवळची पाने पाहतात. पाने पिवळी पडू लागली की त्यांचा चेहरा उतरतो. मुळांना सूक्ष्म कृमी लागून होणारा हा पिवळा रोग या बेटाच्या बागांना फार जुना आहे, आणि एकदा बागेत शिरला की वेल एकामागून एक जातात.

काळी आणि पांढरी मिरी एकाच वेलाची. पांढरीसाठी दाणे पिकू द्यावे लागतात, मग ते पोत्यांत भरून दहा-बारा दिवस पाण्यात बुडवून ठेवतात. साल सडून सुटते, ती पायांनी आणि हातांनी चोळून काढतात, पुन्हा धुतात आणि उन्हात वाळवतात. दाण्याचा रंग आणि वास सर्वस्वी त्या पाण्यावर अवलंबून असतो. वाहते, स्वच्छ पाणी असेल तर दाणा हस्तिदंतासारखा निघतो. साचलेल्या, गढूळ पाण्यात तो करडा होतो, त्याला कुबट वास येतो आणि भाव पडतो. आतोकांच्या वडिलांनी बागेची जागा निवडली ती शेजारच्या ओढ्यामुळे. त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला ते-ई सुरू झाल्या आणि पाणी दुधाळ, मातकट रंगाचे झाले. मग त्यांनी काय केले? त्यांनी पोती एका जुन्या कोलोंगमध्ये बुडवायला सुरुवात केली. सरकारी कथील कंपनीच्या काळातील तो खड्डा आता इतका जुना झाला आहे की त्याच्या काठावर झाडी वाढली आहे आणि तळातली वाळू दिसावी इतके पाणी नितळ आहे. खाणीने ओढा घेतला आणि दुसऱ्या, मेलेल्या खाणीने मिरीला पाणी दिले. आतोक हे तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. पोत्याचे तोंड सुतळीने बांधता बांधता, सुतळी कुठे मिळते हे सांगावे तसे सांगतात.

१९९८ मध्ये रुपिया, म्हणजे इंडोनेशियाचे चलन, कोसळला तेव्हा डॉलरमध्ये विकली जाणारी मिरी सोन्यासारखी झाली. आतोकांचे घर त्या वर्षीचे. नंतर भाव घसरला आणि लोकांनी वेल उपटून त्याच जमिनीत कथील शोधले. २०१५ च्या सुमारास मिरी पुन्हा किलोला दीड लाख रुपियांच्या आसपास गेली, तेव्हा तेच लोक खड्ड्यांच्या कडेला नवे खांब रोवू लागले. आबांगनेही दोनशे वेल लावले. वेलाला पहिले चांगले पीक यायला तीन वर्षे लागतात, आणि तीन वर्षांनी भाव तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. आबांग आता पुन्हा पोंटनवर जातो.

पोंटन म्हणजे तराफा. प्लॅस्टिकच्या निळ्या पिंपांवर लाकडी चौकट, वर ताडपत्रीचे छत, दोन इंजिने आणि एक उतरती लाकडी पन्हळ, जिला साकान म्हणतात. एक नळी समुद्रतळातील वाळू ओढून साकानमध्ये टाकते. पाणी हलकी वाळू पुढे वाहून समुद्रात परत सोडते आणि पन्हळीत अंथरलेल्या जाड कापडावर काळे, जड कण अडकून राहतात. मी किनाऱ्यावरून मोजले तेव्हा समोर एकोणतीस पोंटन होते. इंजिनांचा आवाज गावात दिवसभर असतो आणि पुष्कळदा रात्रीही. दुसऱ्या दिवशी तो मला ऐकू येईनासा झाला, तेव्हा मी स्वतःच दचकले.

काही पोंटनवर खाली पाणबुड्या जातो. तोंडात हवेची नळी, कमरेला वजन, आणि वर एक कॉम्प्रेसर, तसाच जसा टायरमध्ये हवा भरायला असतो. तो अंधारात हाताने चाचपत नळीचे तोंड थराशी धरतो. आबांगने हे काम दोन वर्षे केले. वाळू खालून ओढली जाते तसा भोवती खड्डा होतो, आणि कधी कधी त्या खड्ड्याची भिंत ढासळते. त्याच्या बरोबरीचा एक जण असाच गाडला गेला. त्याला बाहेर काढायला चार तास लागले, एवढेच आबांग बोलला. त्यानंतर त्याने माणूस खाली न उतरवता वरून पाइप रोवून वाळू ओढणाऱ्या पोंटनवर काम धरले. रोजची कमाई किती, असे मी विचारले नाही, पण त्याने आपण होऊन सांगितले की चांगल्या दिवशी त्याला मिळते तेवढे त्याचे वडील चांगल्या आठवड्यात मिळवतात.

वडिलांचा, म्हणजे बापाकांचा, एका बागानमध्ये वाटा आहे. बागान हे समुद्रात लांब खांब रोवून उभारलेले मचाण. काळोख्या रात्री त्यावर दिवे लावतात, उजेडाला छोटी मासळी आणि माखूल जमतात, आणि खाली पसरलेले चौकोनी जाळे रहाटाने वर ओढतात. चांदण्या रात्री बागान बंद असते, कारण चंद्र सगळीकडेच उजेड पाडतो. आम्ही पोहोचलो तेव्हा पौर्णिमा जवळ आली होती, त्यामुळे बापाक घरीच होते आणि जाळे विणत बसले होते. त्यांचे पहिले बागान किनाऱ्यावरून दिसे. पोंटननी सोडलेला गाळ तळावर बसला, प्रवाळ झाकले गेले, पाण्याला कायमचा पिवळा रंग आला, आणि बागान दर काही वर्षांनी आणखी पुढे न्यावे लागले. आता तिथे जाण्यासाठी पूर्वीच्या तिप्पट डिझेल लागते. पुढे, क्षितिजाजवळ, कंपनीसाठी काम करणारी शोषक जहाजे दिसतात. ती पोंटनपेक्षा कितीतरी खोलवरून वाळू ओढतात. या जहाजांकडे परवाने आहेत. २०२० मध्ये प्रांताने समुद्राची आखणी करणारा नियम केला, कुठे मासेमारी, कुठे पर्यटन, कुठे खाण. बापाक त्या नकाशाबद्दल बोलतात तेव्हा त्यांचा आवाज चढतो, एरवी तो चढत नाही. कागदावर रेघ ओढली की मासळी तिच्या या बाजूला राहते, असे वाटणाऱ्या माणसांनी तो केला आहे, असे ते म्हणतात.

जहाज आले की गावाला भरपाई मिळते. काढलेल्या कथलाच्या किलोमागे ठरलेली रक्कम एका समितीकडे येते आणि घरटी वाटली जाते. गाव त्यावरून दुभंगले आहे. काही कोळी कुटुंबे ती घेत नाहीत, काही घेतात, आणि काही घरांत नवरा घेत नाही पण बायको त्यातून मुलाची फी भरते. माझ्या शिक्षिकेने हे सांगताना स्वतःला वगळले नाही. तिचे शिक्षण पांकालपिनांगला आणि पुढे जाकार्ताला झाले, ते आबांगने पाणबुड्या म्हणून मिळवलेल्या पैशांवर. "मी जे मराठी माणसाला इंडोनेशियन शिकवते ना, ते कथील आहे," असे ती एकदा म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

तिसऱ्या दिवशी माक मला बायकांबरोबर घेऊन गेल्या. किनाऱ्यालगत जिथे पोंटनची वाळू धुऊन बाहेर पडते, तिथे गुडघाभर पाण्यात बायका ओळीने वाकलेल्या असतात. साकानमधून निसटलेले कथील पुन्हा एकदा धुऊन गोळा करणे, हे त्यांचे काम. त्याला लिंबांग म्हणतात. हातात उथळ गोल पात्र, त्यात दोन ओंजळी वाळू, पाण्यावर अलगद गोल गोल हेलकावे. पांढरी वाळू कडेने सांडत जाते आणि शेवटी पात्राच्या मध्यावर काळ्या कणांचा एक चंद्रकोरीएवढा ठिपका उरतो. माकने तो बोटाने बाटलीत ढकलला. मी तासभर प्रयत्न केला आणि माझ्या पात्रात शेवटी काहीच उरले नाही. शेजारच्या बाईंनी न बोलता आपल्यातले चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवले. एवढीशी वाळू, पण तळहात खाली जाईल असे तिचे वजन. संध्याकाळी मोटारसायकलवरून एक जण येतो, लोहचुंबकाने आणि डोळ्यांनी पारखून वजन करतो आणि जागेवर रोख पैसे देतो. ती वाळू पुढे कोणाकडून कोणाकडे जाते आणि शेवटी कोणत्या परवान्याखाली भट्टीत पोहोचते, हे विचारण्याची त्या ओळीत पद्धत नाही.

त्या पात्राला दुलांग म्हणतात. मौलिदच्या दिवशी हा शब्द मला पुन्हा भेटला. त्या सकाळी प्रत्येक घरातून एक मोठे गोल ताट मशिदीकडे निघते, त्यावर भात, मासळी, कोंबडी, फळे, गोड पदार्थ, आणि वर केवड्याच्या जातीच्या पानांपासून विणलेले, लाल रंगाने रंगवलेले टोपीसारखे झाकण. त्या ताटाचे नावही दुलांगच, आणि या प्रथेला नगांगुंग म्हणतात. 'सपिंतू सदुलांग', एक दार एक ताट, हे बांगका जिल्ह्याचे ब्रीदवाक्य आहे. ज्याच्या दारामागे जे असेल ते त्याने आणावे आणि सर्वांनी मिळून खावे. माक पहाटे तीनला उठल्या होत्या. लेंपाह कुनिंगसाठी त्यांनी हळद, गलांगल हा आल्यासारखा कंद, लाल मिरच्या आणि सुकटीचा वाटलेला गोळा पाट्यावर वाटला, त्या पिवळ्या रश्शात मोठ्या मासळीचे तुकडे आणि अननसाच्या फोडी सोडल्या. आंबट, तिखट आणि खारट अशा त्या रश्शाचा वास घरभर पसरला तेव्हा मला भूक कशी आवरावी ते कळेना. घरात खाण्यासाठी वेगळे रुसिप होते : बारीक मासळीत मीठ आणि ताडाचा गूळ घालून मुरवलेले. कच्च्या काकडीबरोबर मी ते खाल्ले आणि पुन्हा मागून घेतले, त्यावर माक इतक्या खूश झाल्या की निघताना मला एक बाटली बांधून मिळाली.

पुरुष ताटे खांद्यावर आणि डोक्यावर घेऊन गेले. बायका घरी राहून पाहुण्यांचे स्वागत करतात, पण माझ्या शिक्षिकेबरोबर मी मशिदीच्या आवारापर्यंत गेले आणि खिडकीतून आत पाहिले. लाल झाकणांच्या दोन लांब रांगा, दोन्ही बाजूंना मांडी घालून बसलेली माणसे. प्रार्थना झाली, झाकणे उचलली गेली आणि चार-पाच जणांच्या घोळक्याने प्रत्येक ताट मध्ये घेतले. बापाक ज्या ताटाशी बसले होते तिथे त्यांच्या समोर, आदल्या रात्री ज्याच्याविषयी त्यांनी मला बरेच काही ऐकवले होते तोच माणूस बसला होता : सात पोंटनचा मालक, भरपाईच्या समितीचा सदस्य. बापाकांनी मासळीचा मधला तुकडा काट्यांपासून सोडवून त्याच्या पुढ्यात सरकवला. घरी आल्यावर मी त्यांना त्याबद्दल विचारले. "तो माझा मावसभाऊ आहे," ते म्हणाले आणि जाळे घेऊन बसले.

पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, कथलाच्या व्यापारातील भ्रष्टाचाराचा मोठा खटला जाकार्ताच्या न्यायालयात उभा राहिला. देशाचे नुकसान ३०० लाख कोटी रुपियांचे झाले असे सरकारी वकिलांनी मांडले, आणि त्यातील फार मोठा भाग जमीन आणि जंगलाच्या हानीचा होता. वृत्तपत्रांत आरोपींकडच्या आलिशान गाड्यांची आणि महागड्या हातपिशव्यांची छायाचित्रे छापून आली. मी ती पाहत होते तेव्हा डोळ्यांसमोर शेजारच्या बाईंचा हात येत होता, चिमूटभर वाळू माझ्या तळव्यावर ठेवणारा. काही भट्ट्या बंद झाल्या, काही महिने वाळू कोणी घेईना, आणि गावातील दोन दुकानांनी उधारी थांबवली, असे माझ्या शिक्षिकेने सांगितले. नंतर खरेदी करणारा मोटारसायकलवाला पुन्हा येऊ लागला.

माक मला दरवर्षी हंगामानंतर दोन किलो मिरी पाठवतात. ती कागदी पिशवीत ठेवायची, प्लॅस्टिकमध्ये नाही, अशी आतोकांची सूचना प्रत्येक वेळी चिठ्ठीवर असते. पहिल्या वर्षीची मिरी अजून बरणीत थोडी शिल्लक आहे आणि ती हस्तिदंताच्या रंगाची आहे. या खेपेस आलेली पिशवी उघडली तेव्हा दाणे करडे होते आणि त्यांना ओलसर मातीचा वास होता. मी माकना फोन केला. बागेजवळच्या जुन्या कोलोंगवर आता एक पोंटन आला आहे, त्या म्हणाल्या. कंपनीच्या काळात तळाशी राहिलेले कथील नव्या पंपाने निघते, आणि पाणी सगळे ढवळून निघाले आहे. आतोकांनी पोती काढून घरी आणली, पिंपात नळाचे पाणी भरून त्यात मिरी भिजवली, पण साल नीट सुटली नाही. तो पोंटन कोणाचा, असे मी विचारले. मालक बाहेरगावचा आहे, त्या म्हणाल्या, आणि थोडे थांबून सांगितले की त्यावर आबांग कामाला जातो. घरापासून जवळ पडते आणि समुद्रापेक्षा तिथे जिवाला धोका कमी आहे.